वीस रुपयांची काकडं

रंभाबाईच्या घरात तेलाची पिशवी कात्रीनं कापत नाहीत. तिला सुईनं भोक पाडतात. कात्रीनं कापली की तेल पडतं, सुईनं टोचली की ते येतं, आणि पडणं आणि येणं यांत महिन्याकाठी अर्ध्या पिशवीचा फरक असतो. हा शोध रंभाबाईनं बोईसरला आल्यावर दुसऱ्याच वर्षी लावला होता. गॅसची टाकी तिच्याकडे सत्तर दिवस जाते. डाळ आधी भिजत घातलेली असते, तिला दोन शिट्ट्या कमी लागतात. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवली जाते आणि दोघी एकमेकींत मुरेपर्यंत त्या वडीला कुणी हात लावायचा नसतो. यातलं काहीही करताना आपण गरीब आहोत असं तिला कधी वाटलं नव्हतं. आपण हुशार आहोत असं वाटायचं.

गरिबीबद्दल तिची मतं ठाम होती. ती बीडकडची, पाटोद्याच्या बाजूची. लहानपणीची कितीतरी वर्षं दिवाळीनंतरचे सहा महिने तिनं आईबापामागं ऊसतोडीला, पाचटाच्या कोपीत काढले होते. एकदा टोळीचं पीठ चार दिवस आलंच नाही तेव्हा सगळ्यांनी ऊसच खाल्ला. पण अठराच्या अठरा कोप्यांत ऊसच खाल्ला जात होता. भूक लागली, दात दुखले, गरिबी काही वाटली नाही.

"गरिबी वाटायला शेजार लागतो," झुंबर म्हणायचा. झुंबर तिचा नवरा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवायच्या कारखान्यात तो वीस वर्षं कामाला होता आणि त्याची नखं आठवड्याच्या रंगाप्रमाणे बदलायची. तो दिवसाला फार तर सातआठ वाक्यं बोलायचा, त्यामुळे त्यातली एकदोन बरी निघायची.

शेजार होता. नवापूर रस्त्याच्या आतल्या बाजूला त्यांची दुमजली चाळ, वरच्या मजल्यावर त्यांची खोली, आणि तीन फुटांची गॅलरी ओलांडली की समोर हंसाबाईचं दार. हंसाबाई किनाऱ्यावरच्या मुरब्याची. एक दिवसाआड ती मुरब्याला जाऊन मासळी आणायची आणि बोईसरच्या बाजारात बसून विकायची. मुलगा धीरज तारापूरच्या अणुवीज केंद्रात कंत्राटदाराकडे फिटर होता. सून दीपा घर बघायची, आणि गॅलरीतून येणाराजाणारा प्रत्येक माणूसही बघायची.

या दोन दारांमध्ये अकरा वर्षं भांडी फिरत होती. तिकडून यायचे सुके बोंबील, जवळा, कोलंबीचं लोणचं, तांदळाचे पोळे. इकडून जायची कारळ्याची चटणी, शेंगांची चटणी, ज्वारीच्या भाकरी, थंडीत हुरडा. आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे दोन्ही घरांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. काही बायका अडचणीच्या वेळी भांड्यात चिमूटभर साखर टाकून देतात. रंभाबाईच्या आईला ते पटायचं नाही. तिचं म्हणणं, साखर टाकून दिलं की समोरच्याला बरोबर कळतं, हिच्या घरात आज काही नाही. त्यापेक्षा भांडं चार दिवस ठेवून घ्यावं.

कुणी जास्त दिलं, कुणी कमी, हे अकरा वर्षांत रंभाबाईच्या मनात आलं नव्हतं, कारण तिचं सगळं गावाकडून यायचं. दर मार्चला तिचा भाऊ अंकुश ट्रॅव्हल्सच्या टपावर एक पोतं चढवून द्यायचा. त्यात ज्वारी, शेंगा, कारळं आणि वरच्या बाजूला न सांगता टाकलेली गुळाची ढेप. ते पोतं जिन्यानं वर येताना अख्खी चाळ बघायची. झुंबर ते मुद्दाम सावकाश चढवायचा.

यंदा पोतं आलं नाही. रंभाबाईनं फोन केला तर मागून गाड्यांचा आवाज.

"आक्का, औंदा रान बटईनं दिलंय," अंकुश म्हणाला. "आमी पोरासंगं पुण्यात हावोत. सोसायटीवर वॉचमन हाय मी. लई मोठी सोसायटी हाय, सात लिफ्टी हायेत."

"बरं हाय की," रंभाबाई म्हणाली. आणखी काय म्हणणार.

त्याच महिन्यात झुंबरच्या कारखान्यात ऑर्डरी कमी झाल्या आणि काम आठवड्याचे चार दिवस झालं. रंभाबाई स्वतः औषधांची खोकी घडी करायच्या एका गाळ्यात जात होती. तिथलं चालू होतं. मुलगी ज्ञानेश्वरी पालघरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिची फी देवाआधी बाजूला काढली जायची. मग रंभाबाईनं जे करायचं ते केलं. चहात दूध फक्त सकाळी. अंडी फक्त शुक्रवारी. बाकी सगळं ती आधीच करत होती, त्यामुळे आणखी आवळायला फारसं काही शिल्लक नव्हतं. तरीही घर चाललं. ती कोणाकडे काही मागायला गेली नाही, आणि हेही आपण जमवलं म्हणून मनातल्या मनात खूशच होती.

अडचण भांड्यांची झाली.

पहिला डबा बोंबलांचा आला. बोंबील खाल्ले, डबा घासून ठेवला. मग लोणच्याची बरणी आली. मग पोळ्यांचं ताट. चटणीचं कारळं दुकानात मिळत होतं, पण त्याचा भाव ऐकून रंभाबाईनं दुकानदाराला विचारलं होतं, हे खायचं की गळ्यात घालायचं. भांडी फळीवर एकापुढे एक उभी राहिली. प्रत्येकावर नाव कोरलेलं होतं, सौ. हंसा कृष्णकांत तांडेल. कृष्णकांत जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण भांड्यांवर ती अजून सौभाग्यवती होती. रंभाबाईनं सगळी नावं भिंतीकडे फिरवून ठेवली.

झुंबर जेवताना फळीकडे बघून म्हणाला, "आपल्या लग्नात एवढी भांडी आली न्हवती."

आणखी भांडी येऊ नयेत म्हणून रंभाबाईनं एक युक्ती काढली. दीपा वाटी घेऊन दारात आली की म्हणायचं, "आज उपास हाय गं." सोमवारी म्हणाली, मंगळवारी म्हणाली, गुरुवारी म्हणाली. शनिवार तर होताच. मधे एकादशी आली ती खरीच होती. तिच्या अंगात हे काय आलंय असा दीपाला प्रश्न पडला असावा, पण दीपा मनानं चांगली होती. तिनं मनातल्या मनात ठरवलं की मावशींनी पोरीसाठी काहीतरी नवस केलाय. आणि ती साबुदाण्याची खिचडी घेऊन आली. दुसऱ्या वेळी राजगिऱ्याचे लाडू. पाठोपाठ वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, म्हणजे एका वेळी दोन भांडी.

"आई, मंगळवार कुणाचा असतो?" ज्ञानेश्वरीनं लाडू खाता खाता विचारलं.

"गणपतीचा."

"आणि बुधवार? काल पण उपास सांगितलास तू दीपावहिनीला."

"बुधवारी मी उपास नव्हता सांगितला. बुधवारी मी झोपले म्हणून सांगायला तुला सांगितलं होतं."

ही झोपायची गोष्टही पुढं वाढली. गाळ्यातून चार वाजता घरी आल्यावर रंभाबाई दार लावून घ्यायला लागली. त्या चाळीत दिवसाउजेडी दार लावलेलं असलं तर घरात एक तर आजारपण असतं नाहीतर भांडण. तिच्याकडे दोन्ही नव्हतं. मे महिन्याच्या उकाड्यात ती पंखा एकवर ठेवून आत बसायची आणि गॅलरीतल्या चपलांचा आवाज ऐकायची. दीपाच्या चपलांना एक चटक-चटक होती. ती चटक दारापाशी येऊन थांबली की रंभाबाई श्वास धरायची. कडी हलायची. "मावशी?" मग चटक परत जायची. मग रंभाबाई श्वास सोडायची.

एका दुपारी असा श्वास सोडताना तिला वाटलं, आपण गरीब झालो.

हे तिला खोलीतल्या अंधारात, घामेजून बसलेली असताना वाटलं, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. पोटात अन्न होतं. पोरीची फी भरलेली होती. दारात एक बाई काहीतरी खायला घेऊन आली होती आणि ही आत बसून ती कधी जाते याची वाट बघत होती. ज्या हंसाबाईच्या मांडीवर ज्ञानेश्वरी तापात झोपली, झुंबरच्या पायावर गरम पाणी सांडलं तेव्हा जी तीन रात्री दवाखान्याच्या बाकावर बसली, तिच्या घरची चप्पल ऐकून ही लपत होती. टोळीत एक बाई होती, प्रत्येक कोपीतून काही ना काही घेऊन जाणारी. तिला सगळे हसून द्यायचे आणि ती गेली की हसायचे. रंभाबाईला तिचा चेहरा आता नीट आठवेना. फळीवरची भांडी मात्र सात झाली होती.

तिनं ठरवलं, एक तरी डबा भरून परत जायला पाहिजे. काठोकाठ. नाहीतर हे शेजारपण तुटलं, आणि तोडलं ते आपण.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाजाराच्या तोंडाशी मंगळी दिसली. मंगळी विक्रमगडच्या बाजूच्या डोंगरातली. जीपनं यायची आणि रानात जे असेल ते विकायची. तिच्यापुढे फडक्यावर जांभळट तपकिरी, पाकळ्या गच्च मिटून घेतलेल्या लांबट कोंबांच्या जुड्या होत्या. शेवळं. रंभाबाईनं वीस वर्षं ती लांबूनच पाहिली होती. ज्याचं काय करायचं ते माहीत नाही, त्यावर पैसे घालायचे नाहीत, हा तिचा नियम होता. पण हंसाबाई दर जूनला शेवळांचं नाव काढायची. "आमच्याकडचा हा मटण," असं म्हणायची आणि गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे बाजारात उशिरा पोचली, शेवळं संपली, तर दोन दिवस घरात कुणाशी धड बोलली नव्हती.

"केवढ्याला?" रंभाबाईनं विचारलं.

"पन्नासला जुडी."

घासाघीस झाली. दोन जुड्या ऐंशीला ठरल्या. दोन आठवड्यांची अंडी गेली. मंगळीनं जुड्या पानात गुंडाळल्या आणि शेजारच्या ढिगातून आवळ्याएवढी हिरवी, आंबट वासाची मूठभर फळं उचलून वर ठेवली.

"हीं काकडां. वीस."

"ते नको."

"घे बाय. बिगर काकडांची शेवळां खाजवतील."

रंभाबाईला बाजाराची वीस वर्षांची सवय होती. मेथी घेतली की मेथीवाला म्हणतो कोथिंबीर घ्या. कपडेवाला म्हणतो अस्तर घ्या. ज्याच्याकडे जे उरलेलं असतं, त्यावाचून तुमचं अडतं असं तो सांगतो. रंभाबाई हसली. "खाजवू दे," ती म्हणाली.

मंगळीनं तिच्याकडे नीट बघितलं. "खाजवू दे तं खाजवू दे," ती म्हणाली आणि काकडं परत ढिगात टाकून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

वीस रुपये वाचले. घरी येताना रंभाबाईचं पाऊल हलकं पडत होतं.

शेवळं तिनं मन लावून केली. वरची सालं काढली, बारीक चिरली. तेलाच्या पिशवीला त्या दिवशी दुसरं भोक पाडलं. कांदा अख्खा घातला, लसूण घातला, शेंगदाण्याचं कूट घातलं, काळा मसाला घातला. घरात असा वास सुटला की झुंबर आतून बाहेर येऊन उभा राहिला आणि परत आत गेला. शिजल्यावर भाजी बसली. दोन जुड्यांची मिळून बरोबर एका मोठ्या डब्यापुरती उरली. चमचाभर काढून घेतली असती तर डबा काठाशी उणा दिसला असता. म्हणून रंभाबाईनं चवसुद्धा बघितली नाही. देवाच्या नैवेद्याची तरी कुठं बघतात.

मग तिनं दार सताड उघडलं, नाव बाहेरच्या बाजूला करून डबा दोन्ही हातांत धरला आणि गॅलरी ओलांडली.

"अगो बाय, मावशी! उपास सुटला वाटते," दीपा म्हणाली.

हंसाबाईनं झाकण काढलं, नाक खुपसलं आणि डोळे मिटले. "शेवळां! आता कोण म्हणल हिला घाटावरची? बस, बस. आमच्यासोबत जेव."

"आमचं झालं," रंभाबाई म्हणाली. त्या घरात तिनं मारलेली ही शेवटची थाप.

ती परत आली. झुंबरला आणि ज्ञानेश्वरीला तिनं वरणभात वाढला. स्वतः जेवताना तिला भूक लागल्याचं लक्षात आलं, बरेच महिने न लागलेली. दार उघडंच होतं. समोरून भांड्यांचे, हसण्याचे आवाज येत होते. दीपा एक वाटी घेऊन खालच्या बिऱ्हाडातल्या मेघालीकडे गेली. कौतुकाची भाजी एकट्यानं खायची नसते. चटक-चटक जिना उतरली, चटक-चटक वर आली. रंभाबाईनं श्वास धरला नाही.

मग धीरजला खोकला आला.

तो साधा खोकला नव्हता. घशात कुणीतरी कुसळं पेरल्यासारखा तो खाकरत होता. पाठोपाठ दीपा. मग हंसाबाईचा एक आवाज, ज्याला शब्द नव्हता. खालून मेघालीच्या नवऱ्यानं वर बघून विचारलं, "क्या डाला है सब्जी में?" आणि त्याचाही पुढचा प्रश्न घशात अडकला.

रंभाबाई धावली. गॅलरीत तिघं ओळीनं तोंड उघडून उभे होते. ज्ञानेश्वरी मोबाइलची बॅटरी घेऊन आली आणि तिनं प्रत्येकाला क्रमानं आ करायला लावलं.

"लाल झालंय," ती म्हणाली. "सूज फारशी नाही. श्वास घेता येतोय ना नीट?"

"येतय," धीरज म्हणाला, "पण घ्यावासा नाय वाटत."

हंसाबाईनं हातवारे करून दीपाला आत पिटाळलं. दीपा आमसुलं घेऊन आली. आमसुलाचं पाणी झालं, गूळ आला, चिंच आली. अर्धा तास सगळे आंबट पाणी घशात घोळवत गॅलरीच्या कठड्यावरून खाली थुंकत होते. खालचा मजला आत सरकला. रंभाबाई तांब्या घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे जात होती. तिच्या घशात काही खाजत नव्हतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

आवाज परत आल्यावर हंसाबाईचा पहिला शब्द होता, "काकडां?"

रंभाबाईनं तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

"तिला कुठं ठाव असाचा, आये," दीपा म्हणाली. "घाटावर नाय होत शेवळां. आपणच सांगाला पायजेल होता."

सगळ्यांनी माना हलवल्या. घाटावरची आहे, तिला काय कळणार. हे पुरेसं होतं. रंभाबाईनं नुसतं उभं राहायचं होतं, आणि प्रकरण हसण्यावारी गेलं असतं. पुढच्या दहा जूनमध्ये चाळीत सांगायला एक गोष्ट झाली असती.

पण हंसाबाई बाजारात तीस वर्षं बसलेली होती. "कुणाकडून घेतलीस? मंगळीकडून?"

"हां."

"काकडां दिल्याबिगर शेवळां इकली तिनं? उद्या बघते तिला. माझ्या बाजूला बसू नाय देत. माणसं मरतील ना एक दिस!"

"आये, घसा बसल तुझा," धीरज म्हणाला.

"बसूं दे. तिची जागाच काढते उद्या."

रंभाबाईनं तांब्या खाली ठेवला.

"तिनं दिली होती," ती म्हणाली. "सांगितलं पण होतं, खाजवतील म्हणून. वीस रुपये म्हणाली. मी न्हाई घेतली."

खाली कुणाचा तरी नळ चालू होता.

"मला वाटलं ती गळ्यात मारतीय. मी वीस रुपये वाचवले," रंभाबाई म्हणाली, आणि एवढं सांगून झालं असं तिला वाटेना. "घरच्या भाजीत वाचवलं असतं तर वेगळं. तुमच्या डब्यात वाचवले."

ती वळली, खोलीत गेली आणि फळीवरची उरलेली सहा भांडी एकात एक घालून घेऊन आली. ती हंसाबाईच्या उंबऱ्यावर ठेवली.

"ही पण घ्या. रिकामी हायेत. भरायला काही न्हाई माझ्याकडं. मार्चपासून न्हाई. अंकुश पुण्याला गेला, पोतं न्हाई आलं. यांचं काम चारच दिवस हाय."

दीपा भांड्यांकडे बघत होती. "म्हंजे ते उपास..."

"खोटे."

"सगले?"

"एकादशी खरी होती."

धीरजला हसू आलं, पण हसताना घसा खाजला, म्हणून त्यानं ते अर्ध्यावर सोडलं. हंसाबाई हसली नाही. तिनं एकेक भांडं उचलून आत बघितलं, जणू तळाशी काही राहिलंय का ते शोधत होती. मग सहाही भांडी काखेला लावली आणि आत गेली. दीपा तिच्यामागून गेली. दार लागलं.

झुंबर आपल्या दारात उभा होता. रंभाबाई आत आली तेव्हा तो फळीकडे बघत म्हणाला, "भिंत दिसायला लागली."

दुसऱ्या दिवशी रंभाबाई बाजारातून जात होती, तर मंगळीनं तिला लांबूनच हेरलं.

"खाजवला?"

"खाजवला."

"हं," मंगळी म्हणाली. हंसाबाई चार फडक्यांपलीकडे सुक्या मासळीच्या टोपलीमागे बसली होती. तिनं मंगळीला काही म्हटलेलं नव्हतं. तिनं रंभाबाईकडेही बघितलं नाही. पण तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला बोंबील मोजून देत होती, त्यामुळे त्याचा अर्थ काय लावायचा ते कळेना.

त्यानंतर आठ दिवस समोरून काही आलं नाही. वाटी नाही, हाक नाही. रंभाबाईनं आता दार लावणं सोडून दिलं होतं. चार वाजता यायची, दार उघडं टाकायची, भिजवलेली डाळ उपसायची. चपलांची चटक जिन्यावरून जायची, यायची आणि समोरच्या दारात शिरायची. जे व्हावं म्हणून तिनं तीन महिने खोटे उपास केले, ते आता खऱ्यानं झालं होतं, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही. मात्र एक होतं. तोंड लपवावं असं वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं, ते उघड्या दारात बसून वाटत होतं. भाकरीचं पीठ विकतचं होतं, त्याच्या भाकरी थापताना चिरायच्या, ती त्या जोडून भाजायची.

"तू जाऊन बोल ना," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"काय बोलू? सगळं बोलून झालं."

नवव्या दिवशी चटक-चटक आली आणि तिच्या उंबऱ्यापाशी थांबली. दीपा होती. दोन्ही हात मोकळे. अकरा वर्षांत ती या दारात कधी मोकळ्या हातांनी आली नव्हती आणि हातांचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. तिनं आधी ते कमरेवर ठेवले, मग पदरात घेतले, मग उंबऱ्यावर बसून मांडीखाली घातले.

"चाय टाका," ती म्हणाली.

"दूध न्हाई. सकाळचंच असतं."

"काली टाका."

रंभाबाईनं आधण ठेवलं. पाठमोरीच उभी राहून तिनं विचारलं, "हंसाबाई लई रागावल्यात?"

"रागावली म्हंजे! तीन दिस मलाच बोलत होती. 'रोज वाट्या घेऊन जातंस, बाईचा तोंड बघितलास का कंदी? तुला उपास दिसला, बाई नाय दिसली?' मी काय देव हाय, मला कलाला?" दीपानं श्वास घेतला. "आनि मला सांगून ठेवलाय. रंभाबायकडं जायाचा तं हात हालवत जायाचा. हातात डबा दिसला तं तंगडी तोडीन."

"तशा म्हणाल्या?"

"तशीच. स्वतः पन येनार हाय, गुडघा बरा झाला का. बोलते, तिच्याकडं जेवाला जाते आनि ताट धुवून पन नाय देत."

रंभाबाईनं चहा गाळला. दोन कप भरले, एक दीपाच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन तिच्यासमोर भिंतीला टेकून बसली. दीपानं एक घोट घेतला आणि कपात बघितलं.

"मावशी, साखर?"

"टाकली हाय."

"कंदी?"

"आत्ता. तुझ्यादेखत."

दीपानं आणखी एक घोट घेतला, खात्री करून घ्यायला. मग कप उंबऱ्यावर ठेवून ती उठली. समोर गेली. आत डब्याचं झाकण वाजलं. हंसाबाईनं काहीतरी विचारलं आणि दीपा ओरडून म्हणाली, "नाय गे, डबा नाय घेतला!"

ती परत आली ती मूठ मिटून, दुसरा हात मुठीखाली धरून, गॅलरीतून जपून पावलं टाकत. थोडी साखर वाटेत सांडलीच.

"धरा लवकर," ती म्हणाली. रंभाबाईनं कप पुढे केला आणि दीपानं त्यावर मूठ उघडली.